दहा तारीख

सेलूला एप्रिलात शहाबादी फरशीच तेवढी गार.
म्हणून वाकळ फरशीवर अंथरायची,
आणि वाकळ अंथरली की मांजरं येतात.
बोलवावं लागत नाही.

एका कोपऱ्यावर वरवंटा,
दुसऱ्यावर शिलाई मशीनचं मोडकं चाक,
तिसऱ्यावर हौसा. अकरा वर्षांची, एका डोळ्यानं अधू,
उचलून ठेवली तरी झोपेतच असते.
चौथा कोपरा जमादार बोक्याचा.
तो बसेल तेव्हा बसेल,
तोवर माझा गुडघा.

सुया अरमान ओवून देतो,
शेजारच्या खाजामियाँचा नातू, सातवीतला.
मला आता नेढं दिसत नाही.
डाळीतला खडा दिसतो, दारातला माणूस दिसतो,
नेढं नाही.
शाळेत जाता जाता तो दहा सुया ओवतो
आणि भिंतीवरच्या कॅलेंडरात टोचून जातो,
एक तारखेपासून दहा तारखेपर्यंत.
दुपारी तीनला माझी दहा तारीख होते.
मग हात मांडीवर घेऊन बसायचं.

सोनपेठकरांची सून गाठोडं घेऊन आली,
सासूची नऊ लुगडी.
पोरगा पुण्याला चाललाय शिकायला,
आजीच्या आठवणी राहतील ना पांघरुणात, म्हणाली.
राहतील बाई.
मला आपले पानाचे डाग दिसले,
आणि नऊच्या नऊ लुगड्यांना
कमरेपाशी, डाव्या बाजूला, एकाच जागी विरलेलं.
किल्ल्यांचा जुडगा तिथं खोचत असणार.
ते विरलेलं सगळं मी आतल्या थराला घेतलं.
मऊ होतं.

बुधवारी द्यायची होती.
मंगळवारी रात्री लाईट गेली.
एक बाजू तेवढी शिवायची राहिलेली.
रफू आली
(काळ्या पाठीवर पांढरी रेघ, म्हणून रफू),
तीनदा गोल फिरली
आणि त्या उघड्या बाजूनं
अस्तर न् लुगडं यांच्या मधे शिरली.
मी म्हणलं, बाहेर ये गं.
ती म्हणाली नाही काहीच.

सकाळी वाकळीला उंचवटे आले होते,
एक मोठा, चार बारके,
आणि सगळे श्वास घेत होते.
आमचे हे जिनिंगवरून रातपाळी करून आले,
चप्पल काढता काढता म्हणाले,
ही ऑर्डर गेली.

मी सुनेला फोन लावला.
दोरा संपला हो, परभणीहून यायचाय.
सहा दिवस तो दोरा
परभणीहून निघालाच नाही.
दरम्यान मी राहिलेल्या दोन बाजूंच्या कडा पक्क्या केल्या,
रफूच्या अंगावरून हात फिरवावा तसे टाके घातले,
दोनदा बोचकारून घेतलं.

सातव्या दिवशी ती स्वतःच आली,
भर उन्हाची, छत्री घेऊन.
बघितलं. बोलली नाही.
मी म्हणलं पाणी घ्या.
आमच्या सासूबाईंना मांजर चालायचं नाही,
ती खाली बसत म्हणाली.
दारात दिसलं की ताट वाजवायच्या.
मग तिनं आत बोट घातलं
आणि कुणीतरी ते चोखायला लागलं.
बराच वेळ तिनं काढलं नाही.
निघताना एवढंच विचारलं,
हे धुता येतं ना?

धुतली. दोनदा, रिठ्यानं.
उन्हात तीन दिवस.
शेवटची बाजू शिवून दिली
आणि दोनशे रुपये कमी घेतले,
तर तिनं ते टेबलावर ठेवले, दुधाचे म्हणून.

आता चार पिल्लांतलं एक राहिलंय.
अरमान त्याच्यासाठी अकरावी सुई ओवतो,
मजुरी म्हणून पाच मिनिटं हातात घेतो,
शाळेला उशीर करतो.
चौथ्या कोपऱ्यावर मी हल्ली त्यालाच बसवते.
पंखा लावला की
कोपरा उडतो,
पिल्लासकट.